बोटं क्लॅप्टनची, गाणी हॅरिसनची
एरिक क्लॅप्टन आणि जॉर्ज हॅरिसन जिवलग मित्र. पण गिटारवादन बाजूला ठेवून दोघांची नुसती गाणी तोलली, तर पारडं कुठं झुकतं? क्लॅप्टनचा पिंड रॉबर्ट जॉन्सनच्या ब्लूजवर पोसलेला. बोटं अफाट, पण गाजलेली गाणी पाहा: 'आय शॉट द शेरीफ' बॉब मार्लेचं, 'कोकेन' जे. जे. केलचं. 'लैला' मात्र त्याचं (त्यातही ड्रमर जिम गॉर्डनचा वाटा), आणि नाव निजामीच्या लैला-मजनूवरून घेतलेलं. हॅरिसनचं उलट. बीटल्समध्ये लेनन-मॅकार्टनीच्या सावलीत त्याच्या वाट्याला अल्बममागे जेमतेम एक-दोन गाणी यायची. १९६६मध्ये तो मुंबईत पंडित रविशंकरांकडे सतार शिकायला आला. सतारिया झाला नाही, ते बरंच झालं म्हणायचं. कारण स्वरावरून स्वराकडं घाई न करता कसं जायचं, हे मात्र तो शिकला. पुढं त्याच्या स्लाइड गिटारमध्ये मींडेची चाहूल लागते ती त्यामुळंच, असं मला वाटतं. १९६९ साली 'हिअर कम्स द सन' त्यानं रचलं ते क्लॅप्टनच्याच बागेत, क्लॅप्टनचीच गिटार हातात घेऊन. बागेच्या मालकाला मात्र तसं गाणं कधी सुचलं नाही.