रखवालदार ते ‘राजे’ : उमाजी नाईक लोकनायक कसे झाले?

१/ ३ फेब्रुवारी १८३२. पुण्यात उमाजी नाईकांना फाशी देण्यात आली. कंपनी सरकारच्या दप्तरात ते दरोडेखोर होते. पुरंदरच्या पंचक्रोशीत मात्र ते ‘राजे’ ठरले आणि आज त्यांच्या नावाआधी ‘आद्यक्रांतिवीर’ हे बिरुद लागते. दरोडेखोर त्या काळी पुष्कळ होते. मग लोकस्मृतीने नेमका हाच माणूस का जपला? (थ्रेड)

२/ नेहमीचे उत्तर असे : श्रीमंतांना लुटून गरिबांना वाटणारा तो लोकनायक. इतिहासकार एरिक हॉब्सबॉम यांनी १९६९ मध्ये अशा ‘सामाजिक दरोडेखोरा’वर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पुढे अँटोन ब्लॉक यांनी आक्षेप घेतला, की प्रत्यक्षात असे अनेक जण जमीनदारांच्याच आश्रयाने वाढले आणि गरिबांनाच जाचले. उमाजींचे चरित्र या दोन्ही चौकटींत पुरते बसत नाही.

३/ प्रारंभ रामोशी समाजाच्या कामापासून करावा लागतो. गावाची रखवाली ही रामोश्यांची वंशपरंपरागत जबाबदारी. चोरी झाली, तर माग काढायचा. माग लागला नाही, तर भरपाईचा भार त्यांच्यावर. मोबदल्यात धान्याचा वाटा आणि इनाम जमीन. किल्ल्यांच्या घेऱ्यांतील पहाराही त्यांच्याकडे असे. पुरंदरच्या पायथ्याच्या भिवडी गावी, अशाच घराण्यात, १७९१ मध्ये उमाजींचा जन्म झाला.

४/ दुसऱ्या बाजीरावाच्या काळात पुरंदरच्या रामोश्यांचे किल्ल्यावरील हक्क काढून घेतले गेले. १८१८ मध्ये कंपनीचे राज्य आले. किल्ल्यांवरील शिबंदी मोडली आणि उपजीविकेचा उरलासुरला आधारही गेला. पहिला घाव स्वकीयांच्या राजवटीत बसला होता, ही गोष्ट आजच्या गौरवकथांत सहसा येत नाही.

५/ म्हणूनच गावकऱ्यांच्या दृष्टीने उमाजी हे कुठून तरी आलेले लुटारू नव्हते. ज्यांच्या भरवशावर गाव रात्री निजत असे, त्यांच्यापैकी ते एक होते. त्यांनी कायदा मोडला हे खरे. पण त्याआधी त्यांच्या समाजाचा हक्क मोडला गेला होता आणि तो मोडताना गावाने पाहिला होता. लोकप्रियतेचे पहिले कारण हे.

६/ दुसरे कारण, त्यांनी सत्ताधीशासारखे वागणे पत्करले. तुरुंगात ते लिहायला-वाचायला शिकले. पुढे त्यांनी स्वतःचे जाहीरनामे काढले. सारा सरकारला न देता आपल्याला द्यावा, असे गावांना फर्मावले. भोरकडील काही गावांनी तो दिलाही. त्यामागे आदर होता तशी गाव जाळण्याच्या धमकीची भीतीही होती. तरीही, जो सारा मागतो तो चोर राहत नाही. लोकांच्या लेखी तो राजा होऊ लागतो.

७/ तिसरे कारण खुद्द सरकार. उमाजींना पकडून देणाऱ्यास बक्षिसे जाहीर झाली आणि त्यांचे नाव गावोगाव पोहोचले. ते हाती लागत नाहीत असे दिसताच कंपनीने त्यांना माफी देऊन चाकरीत घेतले व बंदोबस्ताचे काम सोपवले. काल ज्याच्या डोक्यावर इनाम, आज त्याच्याच हाती रखवाली! फाशीनंतर त्यांचे चरित्र लिहिले तेही कंपनीच्याच सैन्यातील कॅप्टन मॅकिंटॉशने, १८३३ मध्ये.

८/ चौथे कारण फितुरी. समेट टिकला नाही. डिसेंबर १८३१ मध्ये भोरजवळच्या उत्रोली येथे उमाजी पकडले गेले, ते जुन्याच साथीदारांच्या मदतीने. निमाडातील तंट्या भिल्लाची कथाही अशीच : १८८९ मध्ये विश्वासातल्या माणसाने पकडून दिले आणि जबलपूरला फाशी झाली. आजही तो तिकडे ‘मामा’ आहे. फितुरीमुळे नायक हरूनही अजिंक्य राहतो. पराभवाचा दोष सरकारच्या पराक्रमाकडे न जाता विश्वासघाताकडे जातो.

९/ या चारही कारणांत ‘गरिबांना वाटले’ हे कलम आवश्यक नाही. दानधर्माच्या कथा नंतरही जोडता येतात. लोकांना आधी हवी असते ती आपल्या वतीने सरकारला प्रत्युत्तर देणारी व्यक्ती. तिच्या हातून कोणाकोणाचे नुकसान झाले, याचा हिशेब स्मृती ठेवत नाही. इतिहासाने तो ठेवलाच पाहिजे. त्याने उमाजींचे मोठेपण कमी होत नाही.

१०/ खरी विसंगती पुढची आहे. १८७१ मध्ये इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. माणूस जन्मानेच गुन्हेगार ठरू लागला. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी असे शिक्के समाजाच्या मनातून सहज पुसले जात नाहीत. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत रामोशी समाजाचे नाव आजही आहे. एका रामोश्याला ‘राजे’ म्हणणाऱ्या महाराष्ट्राने इतर रामोश्यांकडे दीर्घकाळ संशयानेच पाहिले.

११/ एका माणसाला अपवाद ठरवून देव्हाऱ्यात बसवणे सोपे असते. त्याच्या समाजाची तक्रार ऐकणे अवघड. उमाजींचे मागणे मुळात रखवालीच्या हक्काचे होते. त्यांच्या पुतळ्याला हार घालताना भिवडीच्या त्या रखवालदारांचे काय हिरावले गेले, हा प्रश्न विचारला गेला, तरच त्या स्मरणाला अर्थ आहे.