मुले निजल्यानंतरचा अंक

विवाहित आईबापांच्या प्रेमात नाट्य नाही, असे कोणी नाटककार उघडपणे म्हणत नाही. परंतु त्याच्या लेखणीचे वर्तन मात्र तसेच असते. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, की सुखात्मिकेचा पडदा खाली येतो. दहा-पंधरा वर्षांच्या संसारानंतर तो पुन्हा उघडण्याचे धैर्य कोणी केलेच, तर तेथील निजलेल्या प्रेमाला जागे करण्यासाठी संशय, परस्त्री किंवा पिस्तूल यांपैकी एखादा बाहेरचा वैद्य बोलावला जातो. या वैद्यगिरीस आमची हरकत आहे.

२०१० साली आलेला 'डेट नाइट' हा अमेरिकन चित्रपट या रोगाचे उत्तम उदाहरण होय. उत्तम अशासाठी की, तो चित्रपट मुळीच टाकाऊ नाही. शॉन लेव्ही यांच्या दिग्दर्शनाखाली स्टीव्ह कॅरेल आणि टीना फे यांनी त्यात न्यू जर्सीतील फिल व क्लेअर फॉस्टर यांच्या भूमिका केल्या आहेत. दोघेही मिळवती, दोन मुलांचे आईबाप. ठरल्या रात्री मुलांना सांभाळणारीच्या हवाली करून ती दोघे बाहेर जेवावयास जातात. तेही नेहमीच्याच ठिकाणी, नेहमीचेच पदार्थ मागवण्यासाठी. अशात स्नेह्यांपैकी एक जोडपे विभक्त होत असल्याची वार्ता कळते. कारण काय, तर म्हणे ती दोघे आता उत्तम सहनिवासी झाली आहेत, त्यापलीकडे काही उरलेले नाही. फॉस्टर दांपत्याच्या काळजात चर्र होते. भांडण असते तर मिटवता आले असते; पण ज्या घरात भांडणही उरलेले नाही तेथे मिटवावे काय?

येथवर लेखकाची पावले बरोबर पडली आहेत. मग तो घाबरतो. मॅनहॅटनमधील एका महागड्या भोजनगृहात जागा न मिळाल्यामुळे हे दांपत्य दुसऱ्याच कोणाच्या नावाची राखीव जागा पटकावते. ती माणसे निघतात गुन्हेगारांशी वैर केलेली. आणि रात्रभर या दोघांच्या मागे बंदुका लागतात. दोन मोटारी नाकाला नाक भिडून अडकतात आणि तशाच शहरभर धावतात. प्रेक्षक पोट धरून हसतात. आम्हीही हसलो.

परंतु या सर्व गदारोळात काही मिनिटांचा एक प्रवेश आहे, आणि आमच्या मते चित्रपट तेवढाच आहे. धावपळीत थांबून दोघे भांडतात. पतीला संशय येतो की, पत्नीच्या मनात दुसरा कोणी पुरुष असावा. ती सांगते की, तसले काही नाही. तिच्या स्वप्नात पुरुषच नाही. तिला कधी कधी घर सोडून एखाद्या हॉटेलातल्या शांत, थंड खोलीत एकटीने बसावेसे वाटते. कोणीही अंगाला हात न लावता दुपारचे जेवण जेवावेसे वाटते. यावर पतीची तक्रार निराळीच आहे. घरातले ओझे उचलण्यास मी तयार आहे, पण तू माझ्यावर ते सोपवतच नाहीस. मी चुकेन असे धरून तू सगळे स्वतःच करतेस.

स्पर्शाला कंटाळलेली आई आणि विश्वासाला मुकलेला बाप, एवढ्या भांडवलावर तीन अंकी सुखात्मिका उभी राहील. दोघांचेही म्हणणे खरे आहे, आणि दोघेही हास्यास्पद आहेत. विनोदाला याहून अधिक काय हवे? पण निर्मात्याला एवढ्यावर भरवसा नाही. तो त्यांना पुन्हा गोळ्यांच्या वर्षावात ढकलतो आणि प्रेक्षकाच्या गळी हे उतरवतो की, सुरक्षितपणामुळे प्रेम पेंगते आणि संकटाने जागे होते. ज्यांच्या दारी गुंड येत नाहीत अशा आईबापांनी मग काय करावे? ती माणसे निरुत्साही नसतात, थकलेली असतात. आणि बहुधा एक जण दुसऱ्याहून अधिक थकलेले असते. थकव्याला प्रेमाचा अभाव ठरवणे ही निव्वळ बदनामी आहे.

अमेरिकेला हसून आपली सुटका नाही. आपल्या रंगभूमीचे घर तपासून पाहावे. देवलांच्या 'संशयकल्लोळा'चे (१९१६) मूळ मोलिएरपर्यंत पोचते, आणि गोव्यापासून बेळगावपर्यंत त्यातील पदे पाठ असलेली माणसे भेटतात. नाटक थोर आहे यात वाद नाही. पण फाल्गुनराव व कृत्तिका यांना एकमेकांची आठवण होते ती तसबिरीच्या घोटाळ्यामुळे. आणि त्यांच्या कलहात मध्येच कोणी मूल रडत उठत नाही. अत्र्यांच्या 'लग्नाच्या बेडी'त (१९३६) नवऱ्यांचे अंतरंग उघडे पाडावयास रश्मी यावी लागते. १८९२ साली मुंबईत जन्मलेल्या कोंकणी तियात्रात आईबाप असतात, लेकरेही असतात. परंतु ते कुटुंब पुष्कळदा रडण्यासाठी एकत्र येते. कोठे वाटणीचा तंटा, कोठे परदेशी गेलेला बाप. नवराबायको एकमेकांस हसवीत आहेत असा प्रवेश शोधू गेल्यास बराच शोध करावा लागतो.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे : आईबापांचा शृंगार चारचौघांत शोभत नाही. अहो, पण सारी गंमत त्या न शोभण्यातच नाही काय? ज्या घरांत वडीलधाऱ्यांसमोर नवराबायकोने एकमेकांशी बोलण्याचीही चोरी होती, तेथे निरोप्या कोण असे? मूल. "जा रे, बाबांना म्हणावे चहा निवतो आहे." या एका वाक्यात राग, लोभ, आर्जव आणि टोमणा, चारही कोंबता येत, आणि निरोप पोचेपर्यंत त्यातले दोन वाटेत सांडत. पत्नीने पतीचे नाव घ्यावयाचे नाही, म्हणून तो 'बंडूचे बाबा' झाला. ती 'बंडूची आई' झाली. पाळणा हलला आणि दोघांची नावे भाषेनेच काढून घेतली. त्यात तिचे नाव तर त्याआधीच एकदा गेलेले. तांदळात बोटाने लिहून सासरी बदललेले ते नाव बऱ्याच घरांतून अद्याप म्हाताऱ्या बायकांच्या कागदपत्रांवर दिसते. आता कल्पना करा की, वीस वर्षांनी एका रात्री नवरा तिला तिच्या माहेरच्या नावाने हाक मारतो. ती वळून दाराकडे पाहील, कोण आले म्हणून. या क्षणासाठी परस्त्री नको आणि पिस्तूलही नको.

विषय क्षुल्लक आहे, असेही म्हणणारे आहेत. ते बहुधा घरात भांडी न घासणारे असतात.

गोव्यातील आणि सीमाभागातील हौशी मंडळींना आमची विनंती आहे की, स्पर्धेच्या हंगामात एक तरी संहिता अशी उतरवावी जिचा पहिला अंक मुलांना निजवण्यातच संपतो. दुसऱ्या अंकात नवरा दिवा मंद करून दबक्या आवाजात तिचे नाव घेतो, ती काही बोलणार, तोच आतून आवाज येतो, "आई, पाणी." आणि कोणी उठावयाचे यावर तिसरा अंक.