गेम आवडतो म्हणून त्या कंपनीचा शेअर घ्यायचा का?

नोव्हेंबर २०२५ मध्ये रॉकस्टारने जीटीए ६ पुन्हा एकदा पुढे ढकलला. आधी तो २०२५ च्या उत्तरार्धात येणार होता, मग २६ मे २०२६ ठरली, आणि नंतर १९ नोव्हेंबर २०२६. ही बातमी आली आणि रॉकस्टारची मालक कंपनी टेक-टू हिचा शेअर घसरला. तेव्हापासून आमच्या मित्रांच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरतोय, "गेम तर तुफान विकला जाणारच आहे, मग शेअर पडलाय तेव्हाच घेऊन ठेवू का?"

प्रश्न अगदी साहजिक आहे. डिमॅट खातं आता फोनवरून उघडता येतं, आणि गेम्सबद्दल आपल्याला बऱ्याच ब्रोकर लोकांपेक्षा जास्त कळतं असं आपल्याला वाटतं. मी सायबर कॅफेत काऊंटर-स्ट्राईक खेळण्यापासून आजपर्यंत गेम खेळतोय, त्यामुळे मलाही तसं वाटतं. पण गेम कळणं आणि शेअर कळणं यात बराच फरक आहे. तो नेमका कुठे आहे ते काही खऱ्या उदाहरणांवरून बघूया.

१. आधी मालक शोधा

आपल्याला गेमचं नाव माहीत असतं, पण शेअर असतो मालक कंपनीचा. व्हॅलोरंट बनवणारी रायट आणि क्लॅश ऑफ क्लॅन्स बनवणारी सुपरसेल, या दोन्हींची सूत्रं चीनच्या टेन्सेंटकडे आहेत. माइनक्राफ्ट आणि कॉल ऑफ ड्यूटी आहेत मायक्रोसॉफ्टकडे. आता मायक्रोसॉफ्टच्या एकूण कमाईत गेमिंगचा वाटा दहा टक्क्यांच्याही आत आहे. म्हणजे कॉल ऑफ ड्यूटी कितीही चालला तरी मायक्रोसॉफ्टचा शेअर मुख्यतः क्लाउड, ऑफिस आणि एआय यांवरच हलणार.

याच्या उलट उदाहरण फ्री फायरचं. हा गेम सिंगापूरच्या सी लिमिटेडचा, आणि तिचा शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात आहे. शॉपी हे शॉपिंग ॲपही याच कंपनीचं, पण नफा प्रामुख्याने गेममधून यायचा. फेब्रुवारी २०२२ मध्ये भारत सरकारने ५४ ॲप्सवर बंदी घातली, त्यात फ्री फायर होता. त्या एका दिवसात सीचा शेअर सुमारे १८ टक्के पडला आणि कंपनीचं बाजारमूल्य १६ अब्ज डॉलरने कमी झालं. निर्णय दिल्लीत, फटका न्यूयॉर्कमध्ये.

२. विक्री जोरात, तरी शेअर खाली?

सायबरपंक २०७७ आठवतो का? पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने तो १० डिसेंबर २०२० ला आणला. पहिल्या दहा दिवसांत, रिफंड वजा करूनही, १ कोटी ३० लाखांहून जास्त कॉपी विकल्या गेल्या. एवढी विक्री झाल्यावर शेअर वर जायला हवा होता. झालं उलटंच. जुन्या कन्सोलवर गेममध्ये इतके बग होते की सोनीने तो प्लेस्टेशन स्टोअरवरून काढूनच टाकला, आणि शेअर जोरात आपटला.

इथे एक गोष्ट समजून घ्या. गेम खूप विकला जाणार हे सगळ्यांनाच माहीत होतं, त्यामुळे ती अपेक्षा शेअरच्या भावात आधीच धरलेली होती. गणपतीत कोकणात जाणाऱ्या गाड्या भरणार हे ट्रॅव्हल्सवाल्यांना आधीच माहीत असतं, म्हणून तिकीट आधीच महाग झालेलं असतं. गाडी खरंच भरली म्हणून तुमचा काही फायदा होत नाही. जीटीए ६ चंही तेच आहे. तो चालणार, हे तुम्ही आणि मी सोडा, जगातल्या प्रत्येक फंड मॅनेजरला माहीत आहे. प्रश्न एवढाच की तो या मोठ्या अपेक्षेपेक्षाही जास्त चालेल का.

आणि तारीख पुढे गेली की फक्त फॅन्सचा हिरमोड होत नाही. मोठ्या गेमवर शेकडो-हजारो लोक वर्षानुवर्षं काम करतात. त्यांचे पगार दर महिन्याला जातात, आणि कमाई सुरू होते रिलीजनंतर. सॉफ्टवेअर कंपनीत काम केलेल्या कुणालाही डेडलाइन सरकण्याचा खर्च कळेल.

३. आपल्याकडचं उदाहरण: नझारा

भारतात गेमिंगचा शेअर म्हटलं की मुंबईच्या नझारा टेक्नॉलॉजीजचं नाव पहिलं येतं. मार्च २०२१ मध्ये तिचा आयपीओ ११०१ रुपयांना आला होता. सप्टेंबर २०२४ मध्ये नझाराने पोकरबाझी चालवणाऱ्या कंपनीत सुमारे ८३२ कोटी रुपयांना ४७.७ टक्के हिस्सा घ्यायचं जाहीर केलं. त्यानंतर अकरा महिन्यांत, ऑगस्ट २०२५ मध्ये, संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला आणि पैसे लावून खेळायच्या गेम्सवर देशभर बंदी आली.

पोकरबाझीची कमाई आमच्या महसुलात धरलेलीच नाही, असं नझाराने सांगितलं. तरी शेअर दोन-तीन दिवसांत जोरात पडला, कारण गुंतवलेले पैसे तर गेलेच होते. पुढच्या तिमाही निकालात कंपनीने त्या गुंतवणुकीपोटी ९०० कोटींहून जास्त रक्कम तोट्यात दाखवली. दुसरीकडे, याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली आहे. म्हणजे एकाच कायद्यात एका प्रकारच्या गेमचा धंदा बंद झाला आणि दुसऱ्याला आधार मिळाला. आपण दोन्हींना 'गेमिंग'च म्हणतो, पण गुंतवणूक करताना हा फरक सगळ्यात आधी बघायचा.

एक सापळा: नझाराचा भाव बघून "बापरे, ११०१ चा शेअर एवढ्यावर आला?" असं म्हणू नका. २०२२ मध्ये एकास एक बोनस दिला गेला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये शेअरचे दोन तुकडे करून पुन्हा एकास एक बोनस दिला गेला. त्यामुळे आयपीओतल्या एका शेअरचे आठ झाले. आजच्या भावाची तुलना ११०१ शी नाही, साधारण १३८ रुपयांशी करायची.

४. मग गेमरला काही फायदा आहे का?

आहे. लोक खरंच खेळतायत का, हे आपल्याला लवकर कळतं. ऑगस्ट २०२४ मध्ये सोनीने कॉन्कॉर्ड आणला. स्टीमवर एकावेळी खेळणाऱ्यांचा आकडा ६९७ च्या वर कधी गेलाच नाही. हा आकडा कुणालाही दिसत होता. दोन आठवड्यांत गेम बंद झाला आणि सगळ्यांना पैसे परत मिळाले. मॅच मिळायला किती वेळ लागतो, अपडेट वेळेवर येतात का, सहा महिन्यांनी आपले मित्र अजून ऑनलाइन दिसतात का, या गोष्टी बॅलन्स शीटमध्ये येण्याआधी आपल्याला दिसतात. जीटीए ५ सप्टेंबर २०१३ मध्ये आला आणि अजून विकला जातोय, यामागे जीटीए ऑनलाइनचा मोठा हात आहे.

पण हे कळल्यावर काय करायचं, ते पुन्हा पहिल्या मुद्द्यावर येतं. कॉन्कॉर्ड आपटला तरी सोनी एवढी मोठी आहे की शेअरला फारसा फरक पडला नाही.

शेअर घेण्याआधी चार प्रश्न

- मालक कंपनी कोण, आणि तिच्या कमाईत गेमचा वाटा किती?
- कंपनी एकाच गेमवर उभी आहे, की पाच-सहा गेम दरवर्षी कमावतात?
- भावात आधीच किती अपेक्षा धरलेली आहे?
- उद्या एखादा कायदा आला तर कमाईचा किती भाग बंद होईल?

परदेशी शेअर घेताना आणखी दोन गोष्टी. पैसे डॉलरमध्ये जातात, त्यामुळे रुपयाची चाल आणि बँकेचे चार्जेस नफ्यातोट्यात मोजा. आणि चांगल्या कंपन्या बाजारातून गायबही होतात. ॲक्टिव्हिजन २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये ईए विकत घेण्याचा ५५ अब्ज डॉलरचा सौदा जाहीर झाला, शेअरमागे २१० डॉलर. असा सौदा पूर्ण झाला की ठरलेली रक्कम हातात येते आणि तुमचा प्रवास तिथेच संपतो.

माझं मत विचाराल तर रिलीजच्या तोंडावर एका गेमच्या भरवशावर शेअर घेणं म्हणजे गुंतवणूक नाही, तो सट्टा आहे. घ्यायचाच असेल तर अनेक गेम्समधून कमावणारी कंपनी निवडा, आणि इमर्जन्सीचे पैसे व एसआयपी बाजूला ठेवून जे उरतील त्यातला छोटा भागच लावा. मी सेबीचा नोंदणीकृत सल्लागार नाही, त्यामुळे हा लेख वाचून लगेच ऑर्डर टाकू नका. आपल्या आवडत्या कंपनीचा शेवटचा तिमाही निकाल उघडा आणि वरच्या चार प्रश्नांची उत्तरं त्यात शोधा. दोनची जरी सापडली नाहीत, तर फक्त गेम विकत घ्या आणि मजेत खेळा.