नातीसाठी यादी करायला बसले आणि...

परवा नातीचा फोन आला. तिला पाचवा महिना संपत आलाय. म्हणाली, "आजी, तू मला एकदा नीट लिहून दे ना, काय करायचं आणि काय नाही ते. इथे प्रत्येक जण वेगळं सांगतंय. सासूबाई एक सांगतात, आई दुसरं, डॉक्टर तिसरं आणि मोबाइलवर तर विचारूच नकोस."

बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. कोणी विचारलं की सांगायचं ही खोड जात नाही. वही घेतली, समास आखला (हो, अजूनही आखते!) आणि "गरोदरपण" असं शीर्षक टाकून बसले. अर्ध्या तासात लक्षात आलं की माझ्या डोक्यात जे आहे त्यातलं निम्मं मी स्वतःच तिला करू देणार नाही. मग यादी बाजूला राहिली आणि हे लिहायला घेतलं.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना राग यायचा त्यांना लवकर येईल. बाळाच्या बाबतीत "आमच्या वेळी असंच होतं आणि आमची मुलं काही वाईट झाली नाहीत" हे वाक्य घरातल्या मोठ्या बायकांनी बोलणं बंद करावं. कारण ज्यांचं वाईट झालं ती मुलं हे वाक्य ऐकायला शिल्लकच नाहीत.

घरच्यांना माहीत आहे, पण ब्लॉगवरच्या मंडळींसाठी लिहिते. माझ्या लेकीच्या आधी मला एक मुलगा झाला होता. 1973 साल. आम्ही तेव्हा माण तालुक्यात होतो, सासरी. बहात्तरच्या दुष्काळाचा तो दुसरा उन्हाळा. लाल मिलोची भाकरी, दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बाया आणि विहिरीच्या तळाशी राहिलेलं गढूळ पाणी. बाळ चार महिन्यांचं होतं. अंगावर पीत होतं, छान बाळसं धरलं होतं. पण उन्हाळा होता, "लेकराच्या घशाला कोरड पडेल" म्हणून त्याला दिवसातून चार वेळा चमच्याने पाणी पाजलं जायचं. मीही पाजलं आहे. मग जुलाब सुरू झाले. "दात येतायत" असं ठरलं. दुसऱ्या दिवशी "दूध बाधतंय, पाजू नकोस, आणि पाणीही देऊ नकोस, जितकं देशील तितकं बाहेर पडेल" असं ठरलं. मी ऐकलं. तिसऱ्या दिवशी त्याची टाळू खोल गेली, रडताना डोळ्यांत पाणी येईना. एस.टी.ने तालुक्याला नेलं. डॉक्टर सलाईनसाठी शीर शोधत होते, ती सापडली नाही.

सासूबाईंना मी कधी दोष दिला नाही. त्यांनी सहा बाळंतपणं काढली होती, दोन मुलं अशीच गेली होती आणि त्यांना त्यांच्या सासूने हेच शिकवलं होतं. माझ्याइतक्याच त्याही रडल्या.

पुढे कितीतरी वर्षांनी मी एका लेखात वाचलं की 1971 साली, म्हणजे आमच्या आधी दोन वर्षं, बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस नावाच्या डॉक्टरांनी कॉलऱ्याच्या रोग्यांना साखर-मिठाचं पाणी पाजून जगवलं होतं. सलाईन संपलं होतं म्हणून. साखर, मीठ आणि पाणी! तिन्ही गोष्टी आमच्या स्वयंपाकघरात होत्या. तो लेख वाचल्यावर मी दोन दिवस कोणाशी बोलले नाही.

म्हणून नातीच्या यादीत पहिला नंबर गरोदरपणाचा नाही, हा आहे. जुलाब होणाऱ्या बाळाचं पिणं कधीही बंद करायचं नाही. अंगावरचं दूध चालू, उलट जास्त वेळा. ओ.आर.एस.चं पाकीट घरात आणून ठेवायचं, त्यावर लिहिलंय तितक्याच पाण्यात (मोठं पाकीट एक लिटरमध्ये) विरघळवायचं, पाणी उकळून गार केलेलं. अर्धं पाकीट अर्ध्या पाण्यात असले अंदाजपंचे नकोत. पाकीट नसेलच तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त पडलं तर घात होतो, म्हणून "सपाट" हा शब्द मी वहीत दोनदा अधोरेखित केलाय. आता डॉक्टर झिंकच्या गोळ्याही देतात, त्या चौदा दिवस पुऱ्या करायच्या, जुलाब थांबले तरी. बाळ मलूल झालं, पिईना, डोळे खोल गेले, शू होईना, शौचात रक्त दिसलं, तर घरी बसायचं नाही. आणि दात येण्याने जुलाब होत नाहीत! या वयात मूल दिसेल ते तोंडात घालतं, त्याने होतात. बरं, आता रोटाव्हायरसचे थेंबही आहेत. 2016 पासून ते सरकारी लसीकरणात टप्प्याटप्प्याने आले. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना, बाकीच्या लशींबरोबर. फुकट मिळतात. 1973 ला कोणी मला दिले असते तर मी अनवाणी चालत गेले असते, आणि आता शिकलेली माणसं लस द्यावी की नाही यावर वाद घालतात, तेव्हा मला उठून जावंसं वाटतं.

दुसरा नंबर पाण्याचाच. पहिले सहा महिने आईचं दूध आणि फक्त आईचं दूध. पाण्याचा चमचासुद्धा नाही, नागपूरच्या मे महिन्यातही नाही. आईच्या दुधातच बाळाला लागेल तितकं पाणी असतं. डॉक्टरांनी दिलेलं औषध आणि थेंब तेवढे वेगळे. जन्मल्यावर पहिल्या तासात बाळाला पाजायला घ्यायचं. पहिला पिवळसर चीक आमच्याकडे पिळून टाकायचे, "जड असतो" म्हणून. गाईचा चीक मात्र खरवसासाठी जपून ठेवायचे! वासराच्या तोंडचा आपण खायचा आणि आपल्या लेकराचा मोरीत ओतायचा, हा न्याय मला आजवर कळलेला नाही.

मध. इथे आमच्या विहीणबाईंचा आणि माझा (प्रेमाचा) वाद चालू आहे. नात त्यांची सून नव्हे, त्या लेकीच्या सासूबाई, म्हणजे नातीची दुसरी आजी. त्यांनी चांदीची वाटी-चमचा काढून ठेवलाय, सोन्याची अंगठी मधात बुडवून बाळाला चाटवायची म्हणून. एक वर्षाच्या आत मध नाही म्हणजे नाही. मधात कधीकधी एका जंतूचे बीजाणू असतात. आपल्या पोटात ते काही करत नाहीत, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते वाढतात, विष तयार करतात आणि बाळ लुळं पडतं. शुद्ध, जंगलातला, घरच्या पेटीतला, कसलाही असो. "एवढ्या पिढ्यांनी चाटवला" हे विहीणबाईंचं म्हणणं. माझ्याकडे त्यावर वरचंच उत्तर आहे, पण त्यांना ते कसं सांगू? त्यांना माझा मुलगा माहीत आहे.

गुटीचंही तेच. सहाणेवर उगाळलेलं वेखंड, जायफळ, हळकुंड... वास आठवला तरी माजघर आठवतं. पण जायफळाने बाळ "शांत झोपतं" म्हणजे काय होतं ते विचार करा. ती गुंगी आहे. शिवाय सहाण, पाणी, बोट, सगळ्यातून जंतू जातात. काजळ नको, त्यात शिसं असू शकतं. नाका-कानात तेल नको, ते फुप्फुसात जातं. ओवा-शेपाची धुरी नको. न्हाऊ घालणारी बाई बाळाचं नाक ओढून सरळ करते, छाती पिळते, ते तिला हात जोडून थांबवायला सांगायचं. आणि झोपवायचं पाठीवर, कडक गादीवर, उशा-दुलया न कोंबता.

मग जुनं सगळं टाकायचं का? मुळीच नाही. हलक्या हाताने तेल लावणं, पायावर घेऊन न्हाऊ घालणं, गाणी म्हणणं, बाळंतिणीला सव्वा महिना कामाला न लावणं, यासारखं शहाणपण नाही. डिंकाचे लाडू, आळिवाची खीर जरूर. (फक्त आळीव गरोदरपणी नको, बाळंतपणानंतर.) आणि उष्टावण! सहाव्या महिन्यात मुलाला अन्न लावायचं हे आपल्या आज्यांना कोणत्या संघटनेने सांगितलं नव्हतं. सहा महिने पूर्ण झाले की मऊ वरणभात, नाचणीचं सत्त्व, कुस्करलेलं केळं, वर तूप. मीठ-साखर वर्षभर टाळली तर उत्तम. दूध मात्र दोन वर्षं आणि पुढेही चालू राहू दे. पातळ पाणी वरणाचं म्हणून देऊ नका, त्यात काही नसतं. चमच्यावरून सांडणार नाही इतकं घट्ट हवं.

गरोदरपणाचं नातीला डॉक्टर सांगतातच, म्हणून थोडक्यात. दोन जिवांचं दुप्पट खायचं नसतं, चांगलं खायचं असतं. लोहाची गोळी रोज, लिंबूपाण्याबरोबर, चहा किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर नाही. डोकं सतत दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, अंगावरून जाणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं काहीही झालं तर "सकाळी बघू" नाही. आणि घरातल्या ज्या भाच्या-पुतण्यांची लग्नं झालीत त्यांच्यासाठी: फोलिक अ‍ॅसिडची गोळी दिवस राहायच्या आधीपासून घ्यायची असते. बाळाचा मणका पहिल्या चार आठवड्यांतच मिटतो, म्हणजे बहुतेकींना कळायच्या आतच. डॉक्टरांना विचारा आणि सुरू करा, लाजू नका.

एक गोष्ट मात्र डॉक्टरही घाईत सांगत नाहीत. बाळंतीण रडते. पहिले आठ-दहा दिवस पुष्कळजणी रडतात, ते ओसरतं. पण दोन आठवड्यांनंतरही ती उदास असेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, झोप येत नसेल, जगू नये असं बोलत असेल, तर ती नाटकं करत नाही, तो आजार आहे आणि त्याला औषध आहे. जावईबापू, हा परिच्छेद तुमच्यासाठी आहे. तो परत वाचा.

मोठ्या मुलांबद्दल नातीने विचारलेलं नाही, तिला अजून चौदा वर्षं आहेत. पण शिक्षिका आहे, गप्प कशी बसू! एकच कबुली देते. मी पट्टी वापरली आहे. शुद्धलेखनाच्या तासाला, हातावर. नववीतला एक मुलगा होता, तोंडी उत्तरं खणखणीत द्यायचा आणि लिहायला लागला की काना-मात्रा उलट्यापालट्या. मला तो आळस वाटला. पालकांना बोलावून तसं सांगितलं, आणि वडिलांनी माझ्यासमोर त्याच्या कानफटात मारली. मी थांबवलं नाही. निवृत्त झाल्यावर अध्ययन अक्षमतेवरचं एक व्याख्यान ऐकत होते आणि मधेच तो मुलगा समोर येऊन उभा राहिला. आता अशा मुलांना प्रमाणपत्रावर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतली छडी बेकायदा ठरवली, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत पुष्कळ कुरकुर झाली असं माझ्या जुन्या सहकारी सांगतात. मी तेव्हा निवृत्त झाले होते, नाहीतर मीही केली असती, खोटं कशाला बोलू.

आणि मुलींना पाळीबद्दल नऊ-दहा वर्षांच्या आधी सांगा. मुलांनाही सांगा. विज्ञानाच्या पुस्तकातला तो धडा आमच्या शाळेत "घरी वाचून या" म्हणून सोडला जायचा, आणि घरी कोणी वाचू द्यायचं नाही. सहावीतल्या एका मुलीला वाटलं आपल्याला कॅन्सर झालाय. दोन दिवस तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

मोबाइलचं मी काय सांगणार, स्वतःच रात्री अकराला डोळे चोळत ब्लॉग लिहितेय. दोन वर्षांच्या आत पडदा नको आणि जेवताना तर नकोच, एवढं लिहिलंय वहीत.

काल विहीणबाईंना फोन केला. धीर करून. म्हटलं, मध राहू द्या, माझ्यासाठी. पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग म्हणाल्या, "ती वाटी मग उष्टावणाला वापरू, सहाव्या महिन्यात. काळी पडलीय, सोनाराकडे उजळायला टाकते."