वायफाय आणि चवली

शब्दाचा अर्थ न सांगता गिऱ्हाइकाकडून पैसे घेणाऱ्याला आमच्या वाळूजकडे जे म्हणतात, ते छापण्यासारखं नाही. म्हणून मी त्याला नुसतं 'वायफायवाला' म्हणतो.

तसा माणूस गोड. बजाजनगरात दारोदार चिठ्ठ्या वाटतो : '४० एमबीपीएसपर्यंत!' माझा पहिला आक्षेप त्या 'पर्यंत'वर. मी काउंटरवर बसून मुदत ठेवीवर '७ टक्क्यांपर्यंत' व्याज कबूल केलं आणि मुदत भरल्यावर ३ टक्क्यांनी पैसे मोजले, तर खातेदार माझी गचांडी धरील आणि साहेब त्याला खुर्ची देतील.

दुसरा आक्षेप 'एमबी'वर. फाइल मोजतात मेगाबाइटमध्ये, वेग विकतात मेगाबिटमध्ये. आणि ८ बिटांचा होतो १ बाइट! आमचे आजोबा चवलीची गोष्ट सांगायचे. चवली म्हणजे दोन आणे, आठ चवल्यांचा रुपया. ४० चवल्या हातात आल्या की जुनी माणसं 'पाच रुपये' म्हणत. हा पठ्ठ्या नुसतं 'चाळीस' म्हणतो आणि आपण रुपये समजतो. ६०० एमबीचा पिक्चर १५ सेकंदांत उतरायचा, त्याला लागतात दोन मिनिटं. तीही 'पर्यंत' प्रसन्न असेल तर. सरकारचा हिशेबही चवल्यांतलाच. २०२३ पासून सेकंदाला २ मेगाबिट असले की ते 'ब्रॉडबँड'. म्हणजे दोन चवल्या, एक पावली!

बरं, 'वायफाय गेलं' म्हणून आपण ओरडतो, तेव्हा बहुतेक वेळा गेलेलं असतं इंटरनेट. पंगतीत वाढपी वेगळा आणि आचारी वेगळा. तारेतून घरात येतं ते इंटरनेट, म्हणजे स्वयंपाकघरातून आलेलं वरण. खोल्याखोल्यांतून ते वाढत फिरतं ते वायफाय. राउटर हा वाढपी. आतून वरणच आलं नाही, तर वाढप्याच्या नावानं शंख करून काय उपयोग? राउटरला तार जोडून वेग मोजावा. तारेत वेग आहे आणि खोलीत नाही, तर दोष वाढप्याचा. तारेतच नाही, तर थेट आचाऱ्याला गाठावं. (वायफायचा फुलफॉर्म मात्र कुणाला विचारू नका. तो नाहीच. १९९९ साली नावं पाडणाऱ्या एका कंपनीकडून करून घेतलेलं ते नाव आहे.)

हे सगळं हसण्यावारी नेलं असतं; पण आमच्या शेजारचे काका कंपनीत तिन्ही पाळ्या करतात. मुलीचा ऑनलाइन क्लास आतल्या खोलीत अडकायचा. तक्रार केली, तर वायफायवाल्यानं २२०० रुपयांचा दुसरा डबा गळ्यात मारला. पहिला डबा कुठं होता? लोखंडी कपाटाच्या मागे! लोखंडापुढे या लहरींचं काही चालत नाही. शिवाय मुलगी जोडलेली त्या '५जी' लिहिलेल्या नावाला. काकांना वाटलं, मोबाइलचं फाइव्ह-जी. अहो, ते ५ गिगाहर्ट्झ! वेग जास्त, पण भिंत आली की दमणारं. २.४ गिगाहर्ट्झवालं सावकाश चालतं, पण भिंतीपलीकडे पोचतं. फक्त तिथं शेजाऱ्यापाजाऱ्यांची वायफायं आणि मायक्रोवेव्हची शेगडी यांची गर्दी. या लहरी घरात वापरायला परवाना लागत नाही. २.४ला २००५ पासून मोकळीक होतीच, ५च्या पट्ट्यात २०१८ साली आणखी मिळाली. डबा कपाटावर ठेवायलाही पैसे पडत नाहीत. मी तो ठेवला. क्लास सुरू झाला. २२०० मात्र परत आले नाहीत, कारण 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' हे वाक्य पावतीवर शुद्ध मराठीत, ठळक छापलेलं होतं.

म्हणजे यांना मराठी येतं! मग बिट, बाइट आणि 'पर्यंत' यांचा अर्थही त्याच पावतीवर त्याच ठळक टायपात छापा, एवढंच माझं म्हणणं. वायफायवाला म्हणाला, "वर कळवतो." मीही त्याला कळवून टाकलंय, की पुढच्या महिन्याचं बिल मी ६०० रुपयांपर्यंत भरीन.