ठोकळा आपोआप चढतो काय?

२ किलोग्रॅम वस्तुमानाचा एक ठोकळा ३० अंशांच्या उतरणीवर स्थिर आहे. स्थितिक घर्षणाचा गुणांक ०.७ आहे. ठोकळ्यावरील घर्षणबल किती?

अकरावीच्या वर्गात हे गणित घातले की बहुतेक वह्यांत एकच उत्तर दिसते. वजन १९.६ न्यूटन, त्याचा उतरणीला लंब असलेला घटक सुमारे १७ न्यूटन, त्याला ०.७ ने गुणले की ११.९ न्यूटन. गुणाकार अगदी बिनचूक! पण आता वजनाचा उतरणीला समांतर असलेला घटक काढा. तो भरतो ९.८ न्यूटन. खाली ९.८ आणि वर ११.९, म्हणजे कोणी हातही न लावता ठोकळा उतरण चढू लागला पाहिजे. अशी उतरण कोणाला सापडली तर पेट्रोलची चिंताच मिटली.

खरे घर्षणबल ९.८ न्यूटनच आहे. स्थितिक घर्षण गरजेपुरतेच उत्पन्न होते, ११.९ ही त्याची कमाल मर्यादा. उतरण हळूहळू उचलत नेली तर सुमारे ३५ अंशांवर मर्यादा संपते व ठोकळा घसरतो. घरी फळी आणि खोडरबर घेऊन हे पाहता येईल. घसरण्याच्या क्षणी फळीच्या टोकाची उंची भागिले पाया, हाच घर्षणगुणांक.

माझ्या मते दोष सूत्र आधी आणि आकृती नंतर (किंवा कधीच नाही) या सवयीचा आहे. ‘साइन घेऊ की कोसाइन?’ हा प्रश्न पाठांतराचा नव्हेच. कोन शून्य करून पाहा. सपाट जमिनीवर ठोकळ्याला कोणी खाली ओढत नाही, म्हणून तिथे साइनच हवा. शिक्षक बंधुभगिनींना विनंती अशी, की बले दाखवणाऱ्या आकृतीला निम्मे गुण द्यावेत. मुले आपोआप आकृत्या काढू लागतील.

आणि ठोकळे थोडे बाजूला ठेवावेत. आपला बोरघाटच घ्या. १८६३ साली सुरू झालेल्या या रेल्वेमार्गावर ३७ मीटरला १ मीटर असा चढ आहे. कोन जेमतेम दीड अंश! तरीही इंजिनांसह १००० टनांच्या गाडीला मागे ओढणारे बल २७ टनभार होते. गाडी नुसती एकसमान वेगाने चढायची, तरी तेवढेच बल वरच्या दिशेने हवे. ते रुळांकडून इंजिनाच्या चाकांना मिळते, घर्षणामुळे. ‘घर्षण नेहमी गतीला विरोध करते’ असे लिहिणाऱ्यांनी येथे क्षणभर थांबावे. गुणांक ०.२५ धरला, तर चाके न घसरण्यासाठी इंजिनांच्या चालक चाकांवर किमान १०८ टन भार पाहिजे. इतर रोध वेगळेच. कर्जतला अनेक गाड्यांच्या मागे जादा इंजिने जोडतात, त्याचे हे एक कारण.

पावसाने रूळ ओले होऊन गुणांक ०.१५ वर आला तर किती टन लागतील? इंजिनचालक अशा वेळी रुळांवर वाळू का सोडतो? उत्तर लिहा, पण आधी आकृती काढा.