फ्री म्हणजे फक्त फुकट नव्हे

गेल्या महिन्यात आमच्याच मोहल्ल्यातला एक मुलगा घरी आला. परदेशी विद्यापीठात जायचं म्हणतो, त्यासाठी इंग्रजीची परीक्षा द्यायची आहे. मोबाईलवर एक यादी दाखवली. जॉर्ज ऑर्वेलच्या 'नाइन्टीन एटी-फोर' या कादंबरीतून काढलेले अवघड शब्द आणि प्रत्येकासमोर एका शब्दात अर्थ. "सर, एवढे पाठ केले तर पुस्तक नाही वाचलं तरी चालेल ना?"

मी इंग्रजीचा शिक्षक नाही. उर्दू आणि मराठी शिकवतो. पण उत्तर माझ्याकडे होतं, आणि ते थोडं कडू होतं.

१९४९ साली आलेली ही कादंबरी शब्द मारून टाकणाऱ्या राजवटीची गोष्ट आहे. तिथे 'न्यूस्पीक' नावाची भाषा घडवली जाते आणि तिचा शब्दकोश दर आवृत्तीला बारीक होत जातो. शब्दच नसला तर विचार तरी कशात करणार, असा सत्तेचा हिशेब. शब्दकोशावर काम करणारा साइम हे सगळं मोठ्या खुशीत समजावून सांगतो. पुढे एक दिवस तो कामावर येत नाही. बुद्धिबळ समितीच्या यादीत एक नाव कमी दिसतं, बस. अशी कादंबरी फोडून तिची शब्दांची यादी करायची आणि मूळ पुस्तक बाजूला ठेवायचं, याला काय म्हणावं?

यादीत 'व्हेपराइझ' होता. समोर अर्थ : वाफ होणे. विज्ञानाच्या पुस्तकासाठी बरोबर आहे. पण कादंबरीत वाफ माणसाची होते. तो जातो, त्याच्या नोंदी जातात, तो कधी होता हेही पुसलं जातं. हा अर्थ एका शब्दात मावत नाही, त्यासाठी साइमला भेटावं लागतं.

दुसरा शब्द 'पॅलिम्प्सेस्ट'. जुनं लिखाण खरवडून त्यावर नवं लिहिलेलं चर्मपत्र. मुलाला तो उच्चारताही येईना. म्हटलं, लहानपणी थुंकी लावून पाटी पुसायचास, तेव्हा जुनी अक्षरं पुसट दिसत राहायची ना? तेच. कादंबरीचा नायक विन्स्टन स्मिथ नोकरीत हेच काम करतो, जुन्या वर्तमानपत्रांतला मजकूर सत्तेच्या सोयीनं बदलतो. हाच विन्स्टन चोरून डायरी लिहायला बसतो तेव्हा वर तारीख घालतो, पण साल हेच आहे का याची त्याला खात्री नसते. इथे उर्दू वाचणारा क्षणभर थांबेल. आपल्याकडे 'तारीख' म्हणजे दिनांक आणि तारीख म्हणजे इतिहाससुद्धा. एक गेली की दुसरीही डळमळते. इंग्रजीत 'डेट' आणि 'हिस्टरी' वेगळे पडतात. हा फायदा आपल्या मुलांकडे घरातच आहे, पण इंग्रजी शिकायचं म्हणजे उर्दू-मराठी विसरायची असं त्यांना कुणी तरी सांगून ठेवलंय. बहुतेक वेळा आम्ही पालकच.

आता 'फ्री'ची गोष्ट. वर्गात मी एकदा 'फ्री मॅन'चं मराठी विचारलं. एकानं ठामपणे सांगितलं, "फुकटा माणूस." सगळे हसले, मीही हसलो. मग विचारलं, दुसरा अर्थ? शांतता. 'एकावर एक फ्री' एवढाच त्यांचा फ्री. आज़ाद, मुक्त, स्वतंत्र हे शब्द त्यांना माहीत होते, पंधरा ऑगस्टला भाषणात म्हणतातही, पण ते 'फ्री'शी जोडलेले नव्हते. कादंबरीच्या शेवटी न्यूस्पीकवर एक परिशिष्ट आहे. त्यात सांगितलंय की 'फ्री' हा शब्द ठेवलाय, पण कुत्र्याच्या अंगावर उवा नाहीत किंवा शेतात तण नाही एवढं सांगण्यापुरताच. विचारांचं स्वातंत्र्य हा अर्थ काढून टाकलेला. ऑर्वेलला त्यासाठी हुकूमशाही कल्पावी लागली. आमच्याकडे ते काम सेलच्या पाट्यांनी केलं.

आणखी एक गंमत. अवघड शब्द गोळा करणाऱ्यांना माहीत नसतं की १९४६च्या एका निबंधात याच ऑर्वेलनं सांगितलंय, छोट्या शब्दानं भागत असेल तर मोठा वापरू नका. त्याची स्वतःची इंग्रजी साधीच आहे. म्हणून दहावीच्या पुढच्या मुलांना मी आधी 'ॲनिमल फार्म' देतो. लहान पुस्तक आहे, गोष्टीच्या ओढीनं संपतं.

त्या मुलाला यादी फेक म्हटलं नाही. परीक्षा त्याची आहे, मार्क लागतात. वही मात्र बदलायला लावली. रोज दोन-तीन पानं वाचायची, त्यातले तीनच शब्द घ्यायचे. समोर उर्दू, मराठी आणि तो शब्द कादंबरीत कुणाच्या वाट्याला आला ते. परवा वही पाहिली. बावीस शब्द झालेत. 'हेरेसी'समोर मराठीत पाखंड लिहिलंय, उर्दूचा रकाना रिकामा ठेवलाय आणि शेजारी पेन्सिलीनं : अब्बांना विचारायचं.